जपानी तलवारी उजळण्यापूर्वी त्यांची हकिगत लिहून घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवरात्र तोंडावर आले आहे आणि खंडेनवमीला घरोघरची शस्त्रे पूजेसाठी बाहेर निघतील. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी या जिल्ह्यांतल्या ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पलटणीला माणसे दिली, त्यांपैकी काही घरांत वाडवडिलांच्या तलवारीशेजारी पाटावर आणखी एक तलवार मांडली जाते. पाते किंचित बाकदार, मूठ दोन्ही हातांनी धरता येईल इतकी लांब आणि म्यान खाकी किंवा तपकिरी रंगाच्या पत्र्याचे. ‘आजोबांनी बर्मातून आणलेली जपानी तलवार’ एवढीच तिची ओळख घरात उरलेली असते. मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक आहे आणि निवृत्तीनंतर अशा तलवारी पाहून त्यांच्या नोंदी करण्याचे काम करतो. या तलवारींवर काय वाचता येते आणि पूजेच्या निमित्ताने घासूनपुसून आपण त्यातले काय कायमचे घालवतो, हे आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

या तलवारी आपल्याकडे कशा आल्या, याविषयी घरोघरी एकच कथा सांगितली जाते, ती म्हणजे आजोबांनी जपानी अधिकाऱ्याला लोळवून त्याची तलवार हिसकावली. काही तलवारींच्या बाबतीत हे खरे असणार. मार्च १९४४मध्ये जपानच्या पंधराव्या सैन्याने चिंदविन नदी ओलांडून मणिपूर आणि नागा टेकड्यांवर चाल केली, तेव्हा उखरूलजवळच्या सांगशाक या गावी पन्नासाव्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडच्या जोडीने मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण पाण्याची टंचाई सोसत २६ मार्चपर्यंत झुंजली. तिथे पडलेल्या एका जपानी अधिकाऱ्याजवळ सापडलेल्या नकाशाने कोहिमाकडे निघालेल्या एकतिसाव्या जपानी डिव्हिजनचा बेत आपल्या बाजूला कळला. त्या लढाईत शत्रूजवळचा कागद त्याच्या हत्यारापेक्षा अधिक मोलाचा ठरला, आणि तलवारींचा माग काढणाऱ्याला हाच अनुभव पुन्हा पुन्हा येतो.

परंतु आज घराघरांत आढळणाऱ्या तलवारींपैकी पुष्कळशा लढाई थांबल्यानंतरच्या आहेत. पॅसिफिकमध्ये जनरल मॅकआर्थर यांनी तलवारी समारंभपूर्वक स्वीकारण्याची प्रथा कालबाह्य म्हणून टाळली होती. आग्नेय आशियात मात्र तिथले दोस्त राष्ट्रांचे सरसेनापती माउंटबॅटन यांनी प्रत्येक जपानी अधिकाऱ्याने आपली तलवार सर्वांसमक्ष हवाली केलीच पाहिजे असा हट्ट धरला, आणि बर्मा मोहिमेत ब्रिटिश-भारतीय चौदाव्या सैन्याचे सेनापती राहिलेले स्लिम हे त्याबाबतीत त्यांच्याहून तसूभरही मागे नव्हते. आपण रणांगणावर हरलो आहोत हे जपानी सैन्याला मनोमन पटायचे असेल तर ते याच मार्गाने पटेल, असे त्यांचे मत होते. २४ ऑक्टोबर १९४५ रोजी रंगून विद्यापीठात बर्मातल्या जपानी सैन्याचे सेनापती जनरल किमुरा हेइतारो यांनी आपली तलवार ब्रिटिश जनरल स्टॉपफर्ड यांच्या हाती दिली. ३० नोव्हेंबरला सायगावात आग्नेय आशियातल्या जपानी फौजांचे सरसेनापती फील्डमार्शल तेराउची यांनी आपल्या दोन तलवारी माउंटबॅटन यांच्या स्वाधीन केल्या. सेनापतींची ही गोष्ट. त्यांच्या हाताखालच्या असंख्य कप्तान-लेफ्टनंटांच्या आणि हवालदार-सार्जंटांच्या तलवारी मलाया, बर्मा, सयाम, जावा येथे मैदानांवर ओळीने मांडल्या गेल्या, ढिगाने साठवल्या गेल्या आणि पुढे त्यांतल्या अनेक आठवण म्हणून वाटल्या गेल्या. मराठा लाइट इन्फन्ट्रीची सहावी पलटण १९४५च्या अखेरीस सुराबायात होती. पहिली पलटण तर १९४६-४७मध्ये ब्रिगेडियर थिमय्या यांच्या २६८व्या ब्रिगेडमधून खुद्द जपानमध्ये ताबा सैन्य म्हणून राहून आली. म्हणजे एखाद्या घरातली तलवार बर्माचे तोंडही न पाहता थेट जपानातून आलेली असू शकते.

हे सांगताना कोणाच्याही आजोबांचे शौर्य उणे करण्याचा माझा हेतू नाही. शरणागतीच्या मैदानावर समोरच्याची तलवार स्वीकारणारा जवान तिथवर कोहिमा, इंफाळ आणि मेक्तिला इथल्या लढायांच्या वाटेनेच पोहोचला होता. पण ‘हिसकावलेली’ आणि ‘स्वाधीन केलेली’ या दोन तलवारींचा माग काढण्याच्या वाटा निराळ्या आहेत, आणि चुकीच्या वाटेने निघालो तर हाती काही लागत नाही.

त्यासाठी आधी तलवार कोणत्या जातीची आहे ते ओळखावे लागते. जपानी लष्करात अधिकारी आपली तलवार स्वतःच्या पैशाने घेत असे. सार्जंट दर्जाच्या माणसाला ती सरकारी कोठारातून मिळे. कोरेगाव तालुक्यातल्या एका घरी मी पाहिलेली तलवार या दुसऱ्या प्रकारची, म्हणजे १९३५ साली ठरवलेल्या ‘९५ नमुन्याची’ होती. दुरून पाहिले तर मुठीवर गोफ आवळून गुंडाळल्यासारखा दिसत होता. बोट फिरवल्यावर समजले की ते ॲल्युमिनियमचे ओतकाम आहे आणि त्यावरचा तपकिरी रंग जागोजागी पापुद्रे धरून निघाला आहे. मुठीपुढच्या चकतीला लागून पात्यावर आकडे ठोकलेले होते आणि तेच आकडे म्यानाच्या तोंडाशीही होते. पाते आणि म्यान एकमेकांचेच आहेत याची ती खूण. मुठीच्या कड्यावरचे बारीक शिक्के टोकियो, नागोया, कोकुरा यांपैकी कोणत्या शस्त्र कारखान्याच्या देखरेखीखाली माल तयार झाला ते सांगतात. मात्र त्या आकड्यावरून सार्जंटाचे नाव निघत नाही. अशा तलवारीचा माग तिच्या जपानी धन्यापर्यंत सहसा जात नाही, आणि घरच्यांना तसे स्वच्छ सांगून टाकणे मला योग्य वाटते.

अधिकाऱ्याची तलवार याहून बोलकी असते. १९३४ आणि १९३८ साली ठरवलेल्या नमुन्यांत मुठीवर खरोखरीचा गोफ असतो आणि गोफाच्या फटींतून पांढरे, दाणेदार कातडे दिसते. ते पाकटाचे कातडे असते. कोकणातल्या वाचकांना तो मासा वेगळा सांगायला नको. मुठीच्या टोकाला कधी चांदीचे लहानसे घराण्याचे चिन्ह जडवलेले असते. मुठीला बांधलेला गोंडा शिल्लक असेल तर त्याच्या रंगावरून हुद्दा कळतो. तपकिरी-निळा गोंडा कप्तानापर्यंतच्या अधिकाऱ्यांचा, तपकिरी-तांबडा मेजरपासून कर्नलपर्यंतचा, आणि सोनेरी विणीचा सेनापतींचा. हा गोंडा मळका दिसतो म्हणून तो काढून त्या जागी नवा तांबडा रेशमी गोंडा लावलेली तलवार मी पाहिली आहे. काढलेला गोंडा कुठे गेला हे घरात कोणालाच आठवत नव्हते.

खरी माहिती मुठीच्या आत असते. मूठ पात्यावर बांबूच्या छोट्या खुंटीने अडकवलेली असते. जाणत्या माणसाने ती खुंटी हलक्या हाताने ठोकून काढली की मूठ निघते आणि पात्याचा आत दडलेला भाग दिसतो. जपानी लोक त्याला ‘नाकागो’ म्हणतात. त्याच्या एका बाजूला घडवणाऱ्या लोहाराची सही आणि दुसऱ्या बाजूला घडवल्याचा महिना-वर्ष कोरलेले असू शकते. वर्ष शोवा, म्हणजे सम्राट हिरोहितो यांच्या कारकिर्दीच्या, कालगणनेत असले तर त्यात १९२५ मिळवायचे. शोवा १७ म्हणजे १९४२. गिफू प्रांतातले सेकी हे गाव तलवारींच्या कारखानदारीचे मोठे केंद्र होते आणि तिथून बाहेर पडलेल्या पुष्कळ पात्यांवर त्या गावाचा किंवा ‘शोवा’ असा शिक्का आढळतो. त्याचा अर्थ पाते युद्धकाळातले आहे आणि जुन्या पद्धतीने घडवलेले नाही. दक्षिण मांचुरिया रेल्वे कंपनीनेही आपल्या पोलादापासून पाती काढली होती. उलट काही अधिकाऱ्यांनी घराण्यातले तीनचारशे वर्षांचे पाते काढून त्यावर लष्करी मूठ आणि म्यान चढवून ते लढाईवर नेले. बाहेरून या सगळ्या तलवारी एकसारख्याच दिसतात. शंभर वर्षांचेही वय नसलेले कारखान्याचे पाते आणि सोळाव्या शतकातल्या कारागिराची कलाकृती यांतला फरक मूठ काढल्याशिवाय कळत नाही.

याच कारणाने नाकागोवरच्या गंजाला कोणी हात लावू नये अशी माझी हात जोडून विनंती आहे. त्या गंजाचा रंग, त्याची जाडी, त्याच्याखाली दिसणाऱ्या कानशीच्या रेषा यांवरून जाणकार पात्याचे वय ठरवतात. आपल्याकडे दसऱ्याआधी तलवार चिंच-लिंबाने, राखेने किंवा काथ्याने घासण्याची रीत आहे, आणि आता तर पाते कारागिराच्या बफ मशीनवर धरून आरशासारखे चकचकीत करून आणतात. अशा एका पात्याची सही मला नंतर पाहायला मिळाली. तीन अक्षरांपैकी दोन पूर्ण सपाट झाली होती आणि तिसऱ्याचा एकच फराटा उरला होता. पात्याच्या धारेलगत ढगांसारखी जी पांढुरकी रेघ दिसते ती पोलाद पाणी देऊन कडक केल्याची खूण असते, आणि तीही मशीनवर पुसट होते. पूजा अवश्य करावी, ती आपली रीत आहे. मात्र हळद-कुंकू म्यानावर किंवा पाटावर वाहावे, ओली फुले पात्यावर ठेवू नयेत, पात्याला उघडे बोट लावू नये. कोरड्या मऊ सुती फडक्याने पाते पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवला तर ते पुढच्या दसऱ्यापर्यंत सुखरूप राहते.

आता सर्वांत मोलाच्या वस्तूकडे येतो. शरणागतीच्या वेळी अनेक जपानी अधिकाऱ्यांनी आपल्या तलवारीला लाकडाची, कापडाची किंवा कागदाची चिठ्ठी बांधली. तिच्यावर शाईने नाव, हुद्दा, पलटण आणि कधीकधी गावचा पत्ता लिहिलेला असे. पुढेमागे तलवार परत मिळेल ही आशा त्यामागे असणार. एका माजी सुभेदारांच्या घरी म्यानाच्या कडीला अशी बोटाएवढ्या रुंदीची लाकडी पट्टी अजून बांधलेली आहे. शाई उडून फिकट तपकिरी झाली आहे, वरची तीन अक्षरे स्पष्ट आहेत, खालचा भाग हाताळून गुळगुळीत झाला आहे. उन्हात तिरपी धरून वेगवेगळ्या बाजूंनी छायाचित्रे काढल्यावर खालच्या ओळीतली आणखी काही अक्षरे उमटली. ती युद्धपूर्व वळणाची आणि घाईने लिहिलेली असल्यामुळे आज जपानी शिकलेल्या माणसालाही ती चटकन लागत नाहीत. पुण्यात जपानी भाषेचे शिक्षक आणि विद्यार्थी फार मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यापैकी जुने हस्ताक्षर वाचू शकणाऱ्यांनी या कामात हातभार लावला तर त्यांचे उपकार होतील. ज्यांच्या घरी अशी चिठ्ठी आहे त्यांनी ती सोडवू नये, भिजवू नये आणि तिच्यावर चिकटपट्टी लावू नये.

नाव आणि पलटण लागली की जपानच्या बाजूने शोध सुरू होतो. टोकियोतल्या संरक्षण अभ्यास संस्थेकडे लष्कराचे जुने दप्तर आहे आणि आशियाई ऐतिहासिक नोंदींच्या जपानी केंद्राने २००१पासून त्यातली पुष्कळ कागदपत्रे इंटरनेटवर खुली केली आहेत. आपल्या बाजूचा शोधही तितकाच महत्त्वाचा आहे आणि तो तुलनेने सोपा असूनही कोणी घेत नाही याचे मला वाईट वाटते. आजोबांचे डिस्चार्ज बुक ट्रंकेत असेल तर त्यावर सैनिक क्रमांक आणि पलटण असते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अभिलेख कार्यालय बेळगावला आहे. पलटणीच्या युद्ध-रोजनिशा लंडनमधल्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात पाहायला मिळतात आणि आपल्याकडे संरक्षण मंत्रालयाचा इतिहास विभाग दिल्लीत आहे. पदकेसुद्धा बोलतात. बर्मा स्टार २ सप्टेंबर १९४५पर्यंतच्या मोहिमेसाठी आहे. त्याउलट ज्या जनरल सर्व्हिस मेडलवर ‘एस. ई. एशिया १९४५-४६’ अशी पट्टी आहे, ते मिळालेला जवान शरणागतीनंतरच्या काळात जावा किंवा इंडोचायनाच्या बाजूला होता. त्या मेडलच्या कडेवर क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंग घेऊन ती कड वाचली तरी तलवार कोणत्या भागात हाती आली असेल याचा अंदाज बांधता येतो.

या तलवारींना ‘सामुराई तलवार’ म्हणून जो झळाळ दिला जातो त्याविषयीही लिहिले पाहिजे. युद्धकैद्यांची आणि निःशस्त्र नागरिकांची मुंडकी याच जातीच्या तलवारींनी उडवली गेली. अंदमान मार्च १९४२पासून जपान्यांच्या ताब्यात होते, आणि तिथल्या आपल्या लोकांनी त्या साडेतीन वर्षांत जे भोगले ते विसरण्यासारखे नाही. ३० जानेवारी १९४४ रोजी होम्फ्रेगंज येथे ४४ भारतीयांना गोळ्या घालण्यात आल्या. रंगूनला तलवार ठेवणारे किमुरा यांना टोकियोच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात दोषी ठरवून २३ डिसेंबर १९४८ रोजी फाशी देण्यात आले. त्यांची ती तलवार स्लिम यांनी आपल्या घरी ठेवली होती. प्रत्येक तलवारीच्या धन्याला गुन्हेगार समजणे अन्यायाचे होईल, कारण त्यांत सक्तीच्या भरतीने आलेले शिक्षक, कारकून आणि विद्यार्थीही होते. तरीही धनी कोण होता आणि त्याची पलटण कुठे कुठे होती हे शोधल्याशिवाय त्या तलवारीचा गौरव करू नये असे माझे मत आहे.

धन्याचे कुटुंब सापडले तर तलवार परत करावी, असे काही घरांतली तरुण मंडळी मनापासून म्हणतात. भावना अतिशय चांगली आहे, पण तिथे दोन्हीकडचे कायदे आडवे येतात. जपानमध्ये १९५८च्या कायद्यानुसार तलवार बाळगण्यासाठी तिची नोंदणी व्हावी लागते आणि ही नोंदणी पारंपरिक पद्धतीने घडवलेल्या, कलात्मक मूल्य असलेल्या पात्यांचीच होते. कारखान्यात तयार झालेली लष्करी तलवार तिथे नोंदवता येत नाही. प्रेमाने परत पाठवलेली तलवार तिथे नष्ट होण्याचा धोका आहे. उलट पाते खरोखरच प्राचीन निघाले तर आपल्याकडचा १९७२चा पुरावशेष कायदा लागू होतो, आणि शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून तलवार पाठवण्याआधी चिठ्ठीचे आणि नाकागोचे छायाचित्र पाठवावे. वडिलांच्या हस्ताक्षराचे छायाचित्र त्या कुटुंबाला तलवारीइतकेच, कदाचित अधिकच, प्रिय वाटेल.

आणखी एक कारण या तलवारी अंधारात राहण्यामागे आहे. १९५९चा शस्त्र अधिनियम आणि त्याखालील नियम यांत नऊ इंचांहून लांब पात्याच्या तलवारींचा उल्लेख आहे, वर्तमानपत्रांत तलवारी जप्त झाल्याच्या बातम्या येतात, आणि आपल्या घरातली वस्तू कायद्यात बसते की नाही हे कुटुंबांना नीट कोणी समजावून सांगत नाही. मग भीतीपोटी कोणी ती माळ्यावर टाकतो, कोणी रात्रीतून विहिरीत सोडतो, तर कोणी गुपचूप भंगारवाल्याला किंवा दलालाला विकतो. दलालाला पात्याशी मतलब असतो. आजोबांचे डिस्चार्ज बुक, चिठ्ठी, जुना फोटो हे तो मागतही नाही आणि घरचे देतही नाहीत. त्यानंतर ती तलवार चिनी बनावटीच्या नकली मालात मिसळते. त्या नकली मालावर रासायनिक द्रावाने धारेची खोटी रेघ आणि बनावट सहीसुद्धा कोरलेली असते. खरी तलवार एकदा त्या बाजारात गेली की ती कुणाची होती आणि कुणी आणली हे परत कळण्याची शक्यता उरत नाही.

माझी मागणी लहान आहे आणि खर्चाची नाही. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे आणि दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांची कुटुंबे त्याला माहीत आहेत. या कार्यालयांनी गृह विभागाशी बोलून एक पानी नोंदपत्रक तयार करावे. त्यात तलवारीची मापे, शिक्के व आकडे, चिठ्ठी, आणणाऱ्या सैनिकाचा क्रमांक व पलटण आणि घरात सांगितली जाणारी हकिगत जशीच्या तशी लिहून घ्यावी. नोंद करणाऱ्या कुटुंबाकडून तलवार काढून घेतली जाणार नाही आणि परवान्याचा प्रश्न असेल तिथे त्याला मार्गदर्शन मिळेल, असे लेखी आश्वासन त्या पत्रकावरच असावे. त्याशिवाय एकही माणूस पुढे येणार नाही. या नोंदींची एक प्रत पुराभिलेख संचालनालयाकडे आणि एक बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरकडे जावी. इंफाळजवळच्या रेड हिलच्या पायथ्याशी २०१९ साली उभ्या राहिलेल्या शांती संग्रहालयालाही त्यांचा उपयोग होईल, कारण ज्या लढाया तिथे मांडल्या आहेत त्या लढणाऱ्यांतली बरीच माणसे आपल्या गावांतली होती.

बर्मातून परतलेले सैनिक आता जवळजवळ कोणी उरले नाहीत. त्यांच्या तोंडून हकिगत ऐकलेली मुले आज सत्तरी-ऐंशीत आहेत. या खंडेनवमीला तलवार पाटावर येईल तेव्हा घरातल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे, तलवार कुठल्या गावी, कोणत्या साली, कोणाच्या हातून मिळाली असे आजोबा सांगत ते विचारावे आणि ज्या शब्दांत ते सांगतील त्याच शब्दांत, सांगणाऱ्याच्या नावासह आणि तारखेसह, उतरवून घ्यावे.

आपला नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, सातारा